स्पर्शाविना हात

मराठी भाषेने 'हात' या शब्दाकडून जितकी कामे करून घेतली आहेत तितकी शरीराच्या क्वचितच दुसऱ्या अवयवाच्या नावाकडून करून घेतली असतील. एखाद्या कामात हात बसतो, कोणाची हातोटी वाखाणली जाते, कोणाच्या हाताला चव असते, कोणी हात राखून खर्च करतो, तर कोणा वैद्याचा हातगुण चांगला असतो. या शब्दप्रयोगांकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी एकही हाताच्या ताकदीविषयी बोलत नाही. ते सारे हाताच्या जाणतेपणाविषयी बोलतात.

आपल्या सांख्य दर्शनाने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या. पाच ज्ञानेंद्रियांत त्वचेला स्थान दिले आणि पाच कर्मेंद्रियांत हाताला. विश्लेषणाच्या सोयीसाठी ही विभागणी योग्यच आहे. पण प्रत्यक्ष हातात ही दोन्ही इंद्रिये एकत्र नांदतात. त्यांची फारकत झाली तर काय होते, याची दोन उत्तरे विसाव्या शतकाने दिली. एक उत्तर कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतून आले, दुसरे यंत्रमानव आणि कृत्रिम हात घडवणाऱ्या प्रयोगशाळांतून. पहिले उत्तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीला फार जवळचे आहे. दुसरे दूरचे वाटते. पण पहिले समजले की दुसरे समजायला जड जात नाही. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

कर्म शिल्लक, ज्ञान गेलेले

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढले. या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात, आणि ते त्वचेत व त्वचेच्या जवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत घर करतात. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव सर्वांनाच आहे. तेथे एक मज्जातंतू हाडाला लागून अगदी कातडीखालून जातो. कुष्ठरोगात तो वारंवार सापडतो. परिणामी करंगळी, तिच्या शेजारचे बोट आणि तळहाताची ती कड बधिर होते. तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे आत वळून पंज्यासारखी दिसू लागतात. पण बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात. त्यांना जाणारे तंतू बहुधा वाचतात. म्हणजे हात आवळण्याची शक्ती राहते आणि काय आवळले आहे याची जाणीव जाते.

हे नेमके ओळखले ते डॉ. पॉल ब्रँड यांनी. त्यांचा जन्म १९१४ चा, तामिळनाडूतील कोल्ली डोंगरातला. योगायोग असा की बाबा आमटे यांचे जन्मवर्षही तेच. ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. चिंगलपुट येथील कुष्ठधामास त्यांनी भेट दिली तेव्हा एका रुग्णाचा वाकडा हात आपल्या हातात घेऊन त्यांनी त्यास तो आवळण्यास सांगितले. दुबळ्या पकडीची त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या पकडीने त्यांना असह्य कळ आली. रुग्णाला मात्र आपण किती जोर लावला याचा पत्ता नव्हता. पुढे एकदा गंजलेले कुलूप काही केल्या उघडेना, तेव्हा एका लहान रुग्ण मुलाने पुढे होऊन किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटाकडे पाहिले तर कातडी फाटून हाड दिसत होते. मुलाला काही जाणवलेच नव्हते. त्याची ताकद मोठ्या माणसापेक्षा अधिक होती असे नव्हे. आपली बोटे किल्लीवर किती दाबायची याची मर्यादा वेदना घालून देते, आणि त्या मुलापाशी ती मर्यादाच नव्हती.

या निरीक्षणातून ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष काढला, आणि शतकानुशतकांच्या एका समजुतीला त्याने सुरुंग लावला. कुष्ठरोग्याची बोटे 'झडतात' असे आपल्याकडे अजूनही सहजपणे म्हटले जाते. वास्तविक रोग बोटे खात नाही. गरम भांडे, विळ्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, विडीचा निखारा, रात्री झोपेत कुरतडणारा उंदीर यांनी जखमा होतात. दुखत नाही म्हणून काम थांबत नाही, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि पेर न् पेर आखूड होत जाते. वेल्लोरला रुग्णांच्या एकेका जखमेचे कारण शोधण्याचा परिपाठ ठेवला तेव्हा बहुतेक प्रत्येक जखमेमागे असे साधे, घरगुती कारण सापडले.

हाताचा आकार शस्त्रक्रियेने सुधारता येतो. चांगल्या स्नायूचा दोर वळवून लुळ्या बोटाला जोडण्याच्या शस्त्रक्रिया ब्रँड यांनी वेल्लोरला केल्या, आणि मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनी महाराष्ट्रात कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनेचे हे शास्त्र रुजवले. बोटे सरळ होतात, घास उचलता येतो, लेखणी धरता येते. पण बोटांचा स्पर्श परत येत नाही. म्हणून सुधारलेल्या हाताला शिकवावे लागते ते एवढेच, की जे काम कातडीने करायचे ते आता डोळ्यांनी करा. रोज हात तपासा, पाण्यात भिजवून तेल लावा, भांडे फडक्याने धरा, लाल झालेली जागा दिसली तर काम थांबवा.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. ज्यांना भीक मागण्यावाचून मार्ग नव्हता अशा माणसांनी तेथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, हातमाग चालवले. आनंदवनाची ही कथा आपण सहसा माणुसकीची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण बधिर बोटांनी कुदळ चालवणाऱ्याला प्रत्येक घावाला डोळ्यांचा पहारा ठेवावा लागतो. आपल्याला जे काम नकळत घडते त्यासाठी त्याला अखंड लक्ष खर्च करावे लागते. स्पर्शाची किंमत यापेक्षा स्पष्ट कोठे वाचायला मिळेल?

जिवंत हात पकडतो कसा?

आता निरोगी हाताकडे वळू. रिकामा तांब्या हातात धरून त्यात पाणी ओतू लागलो तर तांब्या जड होत जातो. तरी तो निसटत नाही, आणि आपण 'आता जोर वाढवू' असे मनाशी ठरवतही नाही. बोटांचा दाब पाण्याच्या वजनाबरोबर आपोआप वाढतो. हे घडते कसे?

मनुष्याच्या एका तळहाताच्या व बोटांच्या आतील कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० तंतू आहेत, असा अंदाज स्वीडनच्या व्हॅल्बो आणि योहान्सन या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडला. त्यांची सर्वांत दाट वस्ती बोटांच्या टोकांत असते. त्यांचे चार प्रकार आहेत. एक प्रकार टिकून राहिलेला दाब आणि वस्तूची कड सांगतो. दुसरा कातडी कोणत्या दिशेने ताणली गेली ते सांगतो. तिसरा हलकीशी सरक टिपतो. चौथा अत्यंत सूक्ष्म कंपने टिपतो. कुऱ्हाडीचे पाते लाकडात कोठवर गेले ते दांड्यातून कळते ते त्याच्यामुळे.

योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना चिमटीत धरून एक लहान वस्तू उचलायला दिली आणि दाब मोजला. वस्तूचा पृष्ठभाग कधी रेशमी, कधी खरखरीत ठेवला. असे दिसले की गुळगुळीत वस्तूवर बोटे अधिक दाब देतात, खरखरीतवर कमी. आणि दोन्ही वेळा वस्तू निसटू नये यासाठी लागणाऱ्या दाबापेक्षा थोडाच अधिक. वस्तू किंचित सरकली तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते. विचार करून एवढ्या वेगाने कोणी उत्तर देऊ शकत नाही. मग बोटांची टोके बधिर करून तोच प्रयोग केला. स्नायू जागच्या जागी होते, डोळे उघडे होते; तरी हे नेमके माप बिघडले. पृष्ठभाग बदलला तरी दाब त्याप्रमाणे बदलेना.

म्हणजे पकड ही एकेरी आज्ञा नाही. तो सतत चालणारा संवाद आहे. मेंदू सांगतो, बोट करते, कातडी परत कळवते आणि मेंदू आज्ञा दुरुस्त करतो. परतीचा निरोप थांबला की आज्ञा आंधळी होते. रोवणीच्या दिवसांत आपल्या सिंदेवाही भागात धानाच्या बांधीत ओणवी झालेली बाई गढूळ पाण्याखाली पऱ्हे रोवते. तिला बोटे दिसत नाहीत. तरी रोप चिखलात किती खोल गेले आणि ते धरून राहिले की नाही हे तिच्या बोटांना कळते, आणि तिचा हात मात्र पुढच्या रोपाकडे गेलेला असतो. हा संवाद किती वेगाने चालतो याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

यंत्राचा हात

यंत्राचा हात घडवणाऱ्यांना हे सत्य अगदी आरंभीच जाणवले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हाइनरिख अर्न्स्ट यांनी १९६१ मध्ये संगणकाने चालणारा एक यांत्रिक हात केला. त्याला डोळे नव्हते. बोटांवर स्पर्श कळवणारी साधने होती. तो टेबलावर चाचपडत जाई, ठोकळा लागला की थांबे आणि तो उचले. त्याच सुमारास युगोस्लाव्हियात बेलग्रेड येथे राज्को तोमोविच यांनी हात गमावलेल्यांसाठी पाच बोटांचा कृत्रिम हात तयार केला. त्याच्या बोटांत दाब ओळखणारी साधने बसवून वस्तूच्या आकाराप्रमाणे पकड बदलण्याची योजना त्यांनी केली होती.

त्यानंतर कारखान्यांतून आलेल्या यंत्रमानवांनी मात्र बहुतांशी हा मार्ग सोडला. कारण सोपे आहे. कारखान्यात एकच सुटा भाग एकाच जागी एकाच स्थितीत येतो. सारे ठरलेले असेल तर चाचपडण्याची गरज काय? अशी यंत्रे माणसापेक्षा वेगाने आणि अचूक काम करतात. पण त्यांच्यापुढे पिकलेला टोमॅटो, ओला साबण किंवा झोपलेले मूल ठेवले तर ती निरुपयोगी ठरतात, कारण येथे किती दाबायचे ते आधी ठरवता येत नाही. ते धरल्यावरच कळते.

म्हणून यंत्राला कातडी देण्याचे प्रयत्न पुन्हा सुरू झाले. त्यांची तत्त्वे समजण्यास कठीण नाहीत. काही पदार्थ दाबले की त्यांतून वीज अधिक सहज वाहते. वाहणारा प्रवाह मोजला की दाब कळतो. दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये मऊ थर ठेवला तर दाबाने पत्रे जवळ येतात आणि त्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. काही स्फटिक दाब बदलताच क्षणभर वीज निर्माण करतात. निसटण्याची थरथर टिपायला ते उपयोगी पडतात. एमआयटीतच २००९ मध्ये एक निराळी युक्ती पुढे आली. मऊ पारदर्शक गादीला वरून रंगाचा पातळ थर द्यायचा आणि आतून कॅमेऱ्याने पाहायचे. गादी वस्तूवर टेकली की तिच्यावर उमटलेला ठसा कॅमेऱ्याला दिसतो. बोटाने पाहणे ही आपली म्हण नसली तरी येथे ती अक्षरशः खरी झाली आहे.

अडचण साधने बनवण्यापुरती नाही. कातडी लवचीक आहे, ओली होते, कापली तर भरून येते, आणि हजारो ठिकाणांहून एकाच वेळी निरोप पाठवते. यंत्राची कातडी झिजते, तारा तुटतात, आणि हजारो निरोपांतून कामाचा निरोप निवडणे संगणकालाही सोपे नाही.

दोरीतून येणारा स्पर्श

हात गमावलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. यंत्राला कळले, पण माणसाला कळले काय?

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. कृत्रिम हाताचा जुना आणि आजही वापरात असलेला एक प्रकार अगदी साधा असतो. टोकाला दोन पात्यांचा आकडा, आणि त्याला जोडलेली तार पाठीवरून दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्याला बांधलेली. खांदा पुढे केला की तार ताणली जाते आणि आकडा हलतो. दिसायला हा आकडा ओबडधोबड. त्यानंतर स्नायूंतील सूक्ष्म विजेने चालणारे, मोटर बसवलेले सुबक हात आले. १९६० च्या सुमारास सोव्हिएत रशियात असा हात तयार झाला होता. तरीही जगभर अनेक कष्टकरी माणसांनी आकडाच पसंत केला. तो स्वस्त, दणकट आणि हलका, हे एक कारण. दुसरे कारण असे की, आकड्यात वस्तू अडकली की तारेचा ताण बदलतो आणि तो खांद्याच्या जिवंत कातडीला व स्नायूंना जाणवतो. तारेचा एक तुकडा आज्ञा नेतो आणि परतीचा निरोपही आणतो. मोटरच्या हाताला आज्ञा जाते, पण परत येते ती केवळ मोटरची घरघर. तो हात वापरणाऱ्याला पेला फुटेल की पडेल हे डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणजे आनंदवनातील कुदळवाल्याचीच स्थिती.

हेच तत्त्व मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात दुसऱ्या रूपात दिसते. किरणोत्सारी पदार्थ हाताळताना माणूस जाड भिंतीच्या अलीकडे उभा असतो आणि भिंतीपलीकडचे यांत्रिक हात त्याच्या हातांप्रमाणे हालतात. हे जोडहात जेथे पट्ट्या, तारा आणि दांड्यांनी थेट जोडलेले असतात, तेथे पलीकडे बाटली टेकली की तिचा प्रतिकार अलीकडच्या मुठीत जाणवतो. भिंत मधे असूनही हात कामात बसतो तो त्यामुळे.

अलीकडच्या काळात याही पुढचे पाऊल पडले आहे. कापलेल्या हाताचे मज्जातंतू टोकाशी जिवंत असतात. ते फक्त निरोपाची वाट पाहत असतात. शिकागोच्या डॉ. टॉड क्विकेन यांनी असे तंतू छातीच्या स्नायूंकडे वळवले. तेव्हा छातीच्या विशिष्ट जागी स्पर्श केला असता रुग्णाला आपल्या नसलेल्या हाताला स्पर्श झाल्यासारखे वाटले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. क्लीव्हलंड येथील संशोधकांनी मज्जातंतूंभोवती विजेची सूक्ष्म वळी बसवली आणि कृत्रिम बोटांतील दाबाची माहिती तिच्यातून पाठवली. २०१४ मध्ये त्यांनी दाखवून दिले की असा हात असलेला माणूस न पाहता चेरीचे देठ फळ न चिरडता काढू शकतो. एवढे मोठे शास्त्र खर्ची पडले आणि हाती आले ते चेरीचे देठ, असे कोणी म्हणेल. मोहफुले वेचणाऱ्या आपल्याकडच्या बाईला मात्र या यशाची थोरवी बरोबर कळेल.

वेदनेला पर्याय

या साऱ्या कथेत एक प्रयोग फसला, आणि तो मला सर्वांत बोधप्रद वाटतो. डॉ. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले. बधिर हातांसाठी त्यांनी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचे ठरवले. हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसवली. दाब धोक्याच्या पुढे गेला की कानाशी आवाज होई. रुग्ण आवाज ऐकत आणि काम पुढे चालू ठेवीत. दिव्याचा इशारा केला. तोही दुर्लक्षिला गेला. अखेर काखेत, जेथे जाणीव शाबूत होती तेथे, विजेचा झटका देण्याची योजना केली. तेव्हा रुग्णांनी एखादे अवघड काम आले की यंत्रच बंद करायचे, काम उरकायचे आणि मग ते पुन्हा सुरू करायचे, असा मार्ग काढला. बरीच वर्षे आणि बराच पैसा खर्च होऊन ती योजना सोडून द्यावी लागली.

यात रुग्णांचा हट्ट शोधणे अन्यायाचे होईल. इशारा बाहेरून आला की तो सल्ला ठरतो, आणि सल्ला टाळता येतो. वेदना माझी असते म्हणून ती टाळता येत नाही. कर्मेंद्रिय आणि ज्ञानेंद्रिय यांच्यातील हा जिव्हाळा बाहेरून शिवून लावता येत नाही, हे त्या फसलेल्या हातमोज्याने दाखवले. क्लीव्हलंडचा निरोप उपयोगी पडला, कारण तो कानात न जाता त्या माणसाच्या स्वतःच्या मज्जातंतूत गेला.

येथून आपल्या जिल्ह्याकडे परत येणे भाग आहे. देशाच्या पातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी कुष्ठरुग्ण, ही मर्यादा भारताने २००५ च्या अखेरीस गाठली. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत आजही दरवर्षी नवे रुग्ण आढळतात. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. मात्र औषध जंतू मारते. बराच काळ मेलेला मज्जातंतू ते जिवंत करू शकत नाही. म्हणून सारे काही वेळेवर अवलंबून आहे.

आरोग्य कर्मचाऱ्याची तपासणी फार साधी असते. तो रुग्णास डोळे मिटायला सांगतो आणि बॉलपेनाच्या टोकाने तळहातावर ठराविक ठिकाणी हलकेच टेकवतो. जेथे टेकले तेथे रुग्णाने बोट ठेवून दाखवायचे. बेलग्रेड आणि क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळा ज्या गोष्टीचा अल्पसा अंश मोठ्या कष्टाने घडवत आहेत, ती गोष्ट तळहातात शाबूत आहे की नाही हे एक साधे पेन सांगू शकते. अंगावर फिकट, लालसर, बधिर चट्टा दिसला, किंवा तळहाताला चटका बसूनही कळले नाही, तर तो माणूस लाजेने ते लपवतो आणि आपण शेजारी 'बोटे झडतील' म्हणून दूर सरतो. या दोन गोष्टींत जे महिने जातात तेवढ्यात स्पर्श कायमचा जातो. आपल्यापैकी बहुतेकजण खेड्यांतून येतात, आणि घरात लिहिता-वाचता येणारे पहिलेच असतात. तो चट्टा आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात कोणाच्या अंगावर दिसला, तर त्या माणसाचा हात धरून त्याला आरोग्य केंद्रात नेणे हे आपले काम आहे. हात धरल्याने बोटे झडत नाहीत, हे आता आपणांस ठाऊक आहे.